सुपडूच्या आवाजाचा तुकडा

टॉकीजमधल्या ऑपरेटरची आठवण लोकांना एकाच वेळी येते, पडदा काळा झाला की. मग सगळं थिएटर मागे वळतं आणि भिंतीतल्या चौकोनी भोकाकडे बघून माझ्या घरच्या सगळ्या बायामाणसांचा उद्धार करतं. सिनेमा नीट चालला तर टाळी हिरोला, तुटला तर शिवी मला. जळगावच्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये मी उभी हयात काढली, त्यामुळे या वाटणीचं मला आता काही वाटत नाही.

संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा" असं सांगितलं. गमती होत्याच. रावेरकडचे एक केळीवाले आबा बाजाराच्या दिवशी सिनेमाला यायचे, हटकून उशिरा, आणि लोखंडी जिना चढून थेट माझ्याकडे येऊन विचारायचे, "मी नव्हतो तर सुरू कसा केला?" एक मास्तर तिकीट काढून झोपायचे आणि गाण्याच्या रिळाला उठवा म्हणून डोअरकीपरला सांगून ठेवायचे. एकदा मीच दोन रिळं उलटसुलट चढवली, हिरोईन आधी सासरी गेली आणि मग तिचं लग्न लागलं. कोणी तक्रार केली नाही. उलट एक जण बाहेर पडताना म्हणाला, "स्टोरी भारी आहे, डोकं लावावं लागतं."

पण खरं सांगायचं तर केबिनमधले दिवस गमतीत कमी आणि धास्तीत जास्त गेले. काळजी करणं हा माझा स्वभाव नव्हे, धंदाच होता. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये जाळ पेटायचा, त्या उजेडात सिनेमा दिसायचा. कांड्या जळत जायच्या, तशा त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागत. जरा नजर हटली की पडदा पिवळा. फिल्म अडकली तर त्याच जाळावर ती करपणार. मागचं रीळ संपायच्या आत दुसऱ्या मशिनवर पुढचं तयार पाहिजे. बायको म्हणायची, तुम्ही जेवतानाही मान वळवून मागे बघता.

त्या सगळ्या धास्तीतली एक अजून छातीत तशीच आहे, तीच सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली व्हिडिओ निघाले होते आणि शेठ रोज तिकीटखिडकीकडे बघून सुस्कारे टाकत. अशात एक मराठी सिनेमा आमच्याकडे लागला. नाव सांगत नाही, आता कोणाच्या लक्षातही नसेल. त्याचा हिरो धुळ्याचा, देवपूरचा. पडद्यावरचं नाव सुदर्शन, घरचं सुपडू. आमच्या खानदेशात आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्या बाळाला जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि नाव ठेवतात सुपडू. हे तसलं, नवससायासाने जगवलेलं पोर. नाटकातून मुंबईला गेला, लहानसहान कामं केली, शेवटी हा एक सिनेमा हिरो म्हणून मिळाला. आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत काविळीने गेला.

निर्मात्याचा पैसा अडकलेला. त्याने काय केलं, सुपडूच्या अंगकाठीचा एक माणूस शोधला आणि राहिलेला भाग त्याच्यावर उरकला. त्यामुळे शेवटच्या तीन-चार रिळांत आमचा हिरो कायम पाठमोरा. पाठ करून प्रेम करतो, पाठ करून भांडतो, आणि शेवटी तोंडाला मफलर बांधून घोड्यावर बसतो. पब्लिकला हे माहीत होतं, त्यामुळे लोक हळहळत बघायचे. घोड्याला मात्र हसायचे.

आवाजाची गोष्ट वेगळी, आणि ती जरा समजावून सांगायला हवी. बाहेर शूटिंग करताना नटाचा आवाज टिपतात, पण तो कच्चा. त्यात जनरेटरची घरघर, कावळे, बघ्यांचं खोकणं, सगळं येतं. पुढे नट स्टुडिओत येऊन स्वतःचे ओठ बघत सगळं पुन्हा बोलतो, तो आवाज सिनेमाला लावतात आणि कच्चा टाकून देतात. सुपडू त्याआधीच गेलेला. म्हणून सबंध सिनेमाभर चेहरा त्याचा आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा. चांगला गुळगुळीत, पुणेरी वळणाचा आवाज होता. पण त्या काळ्यासावळ्या, राकट तोंडातून तो यायचा तेव्हा मला सारखं मशिनमध्ये काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं.

एका सीनमध्ये मात्र खरंच बिघडलं. मध्यंतरानंतरच्या रिळात हिरो बऱ्याच दिवसांनी घरी येतो. आई दारात उभी असते. मग हिरोचा चेहरा दिसतो आणि तो बोलतो. पहिल्या शोला तिथे एकदम खरखर सुरू झाली, कावळा ओरडला, आणि हिरो भलत्याच आवाजात, जरा घोगऱ्या, म्हणाला, "माय वं, भूक लागनी माले. भाकर वाढ ना." पुढे आणखी चार वाक्यं तशीच. घरातली अहिराणी एकदम हिरोच्या तोंडून ऐकून लोक आधी हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. मी सवयीने आवाज खाली घेतला. खराब आवाज आला की बोट आपोआप बटणावर जातं.

प्रिंटबरोबर वितरकाचा एक माणूस फिरायचा, कुलथे नावाचा. त्याच्याकडून कळलं, की शूटिंगच्या दिवशी सुपडू लिहून दिलेलं वाक्य विसरला आणि आपल्याच बोलीत बोलून मोकळा झाला. डबिंगवाल्याचे शब्द त्या ओठांवर बसेनात, पुन्हा शूटिंग करायला माणूस नाही, म्हणून कच्चा आवाज तसाच राहू दिला. कुलथे वाईट नव्हता. पण शिट्ट्यांना तो फार घाबरायचा, सिनेमा पडला तर त्याच्या डोक्यावर खापर फुटणार होतं. दोन-तीन दिवस शिट्ट्या ऐकून तो केबिनमध्ये आला.

"तेवढा सीन काढून टाका."

"काढतो. पण जाताना परत जोडणार," मी म्हणालो.

हा आमच्या धंद्यातला नेम होता. शेठ, मॅनेजर, पोलीस, कोणी ना कोणी काहीतरी कापायला सांगतंच. कापायचं, पण तुकडा गुंडाळून डब्यात ठेवायचा, आणि प्रिंट पुढच्या गावाला जायच्या आधी जिथला तिथे जोडायचा. प्रिंट आली तशी गेली पाहिजे. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट. मी तुकडा कापला, गुंडाळला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवला.

कापलं तरी एक शब्द मागे उरला. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज अगदी शेजारी नसतात. मशिनमध्ये भिंग वर आणि आवाज वाचणारा दिवा खाली, म्हणून आवाज हातभर पुढे छापलेला असतो. चित्र बघून कापलं की त्याचा पहिला आवाज आधीच्या चित्राच्या कडेला राहून जातो. त्यामुळे आता पडद्यावर आई दारात उभी दिसायची, कुठून तरी "माय" एवढा शब्द यायचा, आणि एकदम पुढचा सीन. कुलथे म्हणाला, तेही काढा. मी म्हणालो, एका शब्दाने काय होतंय. खरं म्हणजे पुन्हा कापाकापीचा मला कंटाळा आला होता.

शेवटच्या दिवशी, गुरुवारी, दुपारचा शो सुटला आणि एक माणूस लोखंडी जिना चढून वर आला. पांढरा शर्ट, हातात पिशवी, मास्तर असावा असा. दारातच थबकला.

"आत येऊ का भाऊ? मी शालिग्राम. सुदर्शनचा धाकटा भाऊ."

मी स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"पहिल्या दिवशी मी हा सिनेमा पाहिला होता. त्यात घरी येण्याचा सीन होता. आज नाही. नुसतं 'माय' ऐकू आलं."

मी जे झालं ते सांगितलं. तो ऐकताना पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत होता, सोडत होता.

"तो आवाज आमच्या दादाचा आहे," तो म्हणाला. "बाकी सिनेमात तो नाहीच. तो मुंबईला गेला आणि तिकडेच त्याला... आईला नेता आलं नाही. घरात फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेच नाही. टेपरेकॉर्डर आमच्याकडे नव्हता. आई सिनेमा बघायला तयारच नव्हती. लोकांनी तिला सांगितलं होतं, की बोलतो तो तुझा सुपडू नाही. मग मी पहिल्या दिवशी येऊन बघून गेलो आणि तिला म्हणालो, अक्का, एका ठिकाणी तोच बोलतो, तुझ्याशी बोलावं तसा. तेव्हा कुठे ती हो म्हणाली. उद्या धुळ्याला लागतोय. दुपारच्या शोला गल्लीतल्या सगळ्या बाया घेऊन येणार आहे ती. मला आज खात्री करून घ्यायची होती, की मला भास झाला नव्हता."

मी फळीवरचा डबा काढून त्याला दाखवला. "हा बघा. प्रिंट जायच्या आधी मी स्वतः जोडतो. उद्या तुमच्या आईला ऐकू येईल. माझा शब्द."

तो पाया पडायला वाकला, मी धरून उभा केला. जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. शब्द देताना माणसाला किती मोठं वाटतं, ते तेव्हा वाटलं. तो फार काळ टिकणारा आनंद नव्हता.

तासाभरात चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला. वायरमन म्हणाला, उद्याशिवाय होत नाही. शेठनी पुढचे शो रद्द केले. अंधाऱ्या केबिनमध्ये काम करता येत नव्हतं, सकाळी लवकर येऊन जोडू म्हणून मी घरी गेलो. प्रिंट नेहमी सकाळच्या गाडीने जायची. शुक्रवारी सकाळी येऊन पाहतो तर रिळांच्या पेट्यांची जागा मोकळी. शो नाही म्हटल्यावर कुलथेने संध्याकाळीच जीप बोलावून पेट्या धुळ्याला नेल्या होत्या. बिस्किटाचा डबा फळीवर जागच्या जागी होता.

मी ऑफिसात जाऊन धुळ्याच्या टॉकीजला फोन लावला. बऱ्याच वेळाने लागला, आणि उचलला कुलथेने. "हॅलो, कोण?" मी फोन ठेवून दिला. त्याला सांगून काय होणार होतं? तो म्हणाला असता, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडेही नवा सिनेमा लागायचा दिवस. माझ्या जोडीदार ऑपरेटरला म्हणालो, आज तू सांभाळ. तो नव्या पोस्टरकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. शेठ वरून ओरडले, "वसंता, कुठे निघालास?" मी "आलोच" म्हणालो. इतकं लांबचं "आलोच" मी कधी म्हटलं नव्हतं.

एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, तर तिथे ऊन. फिल्म उन्हाने वाकडी होते, घामाने डागाळते. मी रुमाल ओला केला, डब्याला गुंडाळला आणि सबंध वाट मांडीवर धरून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या नानांनी विचारलं, "काय शे डबामा?" मी म्हणालो, "लाडू." एरंडोलपर्यंत ते अधूनमधून डब्याकडे बघत राहिले. एरंडोल माझं गाव, स्टँडवर दोन ओळखीचे भेटले, मी मान खाली घातली. तिथे गाडी नको इतकी थांबली. ड्रायव्हरने चहा घेतला, मग कंडक्टरने घेतला, मग दोघांनी मिळून कोणाची तरी वाट पाहिली. पारोळ्याला पुन्हा तेच. दुपारचा शो सुरू झाला असेल. अक्का आत बसली असेल. पडद्यावर तिचा पोरगा भलत्याच माणसाच्या आवाजात बोलत असेल, आणि ती मनात म्हणत असेल, थांबू या, शालिग्रामने सांगितलंय, एका ठिकाणी तोच बोलतो. त्या ठिकाणाची ती वाट बघणार आणि ते ठिकाण माझ्या मांडीवर.

धुळ्याला उतरून मी धावत सुटलो. या वयात सांगायला लाज नाही, धोतर नव्हतं म्हणून बरं, नाहीतर पडलोच असतो.

तिथला ऑपरेटर नबीभाई. आम्ही दोघं एकाच उस्तादाचे चेले. मी केबिनमध्ये शिरलो तेव्हा तो कार्बन सरकवत होता.

"अरे वसंतभाऊ! आज इथं कसे काय?"

"मध्यंतर झालं?"

"होईल आता. का?"

मी डबा उघडला आणि एका दमात सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळा पडद्यावर. मग म्हणाला, "ते रीळ अजून चढवायचं आहे. पण एक घोटाळा झाला. सकाळी टेस्टिंगला त्यात एक फालतू आवाज आला. कुलथे बोलला, निकालो. मी हातभर काढून फेकला."

"'माय' होता का तो आवाज?"

नबीभाईने कपाळावर हात मारला. "हां यार. 'माय'च होता."

चार वाक्यं मी जळगावहून आणली होती आणि त्यांच्या आधीचा पहिला शब्दच कचऱ्यात. आईला हाक मारल्याशिवाय पोरगा भाकरी कशी मागणार?

"कुठे फेकलास?"

त्याने पायाने एक डबा पुढे सरकवला. प्रत्येक केबिनमध्ये असा डबा असतो. तुटलेल्या फिल्मचे तुकडे त्यात टाकतात, वर्षानुवर्षं. काठोकाठ भरलेला होता. नबीभाई म्हणाला, "वर टाकला होता, पण सकाळी डबा लाथेने सांडला, परत भरला." आता तो कुठेही असेल. मी जमिनीवर बसून तुकडा तुकडा दिव्यासमोर धरायला लागलो. मारामाऱ्या, पाऊस, विमानं, नाचणाऱ्या बाया. कुणाकुणाचे चेहरे. दारात उभी असलेली म्हातारी कुठे नाही. तुकडे घामट बोटांना चिकटत होते. नबीभाईने मध्यंतराचा दिवा लावला आणि तोही येऊन माझ्यासमोर बसला.

"हिरवं लुगडं होतं का?" तो म्हणाला.

"हिरवंच."

त्याच्या हातात तो तुकडा होता. त्यावर बुटाचा ठसा. मी सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांजवळ धरला. चित्रांच्या कडेला आवाजाची बारीक रेघ असते, थोडी जाड, थोडी बारीक होत जाणारी. शेवटी एक गुबगुबीत उंचवटा होता. तो "माय".

मग जोडणं. फिल्म जोडताना ब्लेडने कडेचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, खरवडतात, सोल्युशन लावतात, एकावर एक ठेवून दाबून धरतात. सोल्युशन ओलं राहिलं तर मशिनमध्ये सुटतं. मी घाईत एक जोड वाकडा लावला, नबीभाईने माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं. "तुमचे हात बघा. मी करतो." त्याने ओळीने सगळे जोड लावले आणि दाबून धरले. तेवढ्यात लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

"नबीभाई, अहो मध्यंतर किती लांबवता? पब्लिक ओरडतंय!" कुलथे.

नबीभाईने दाराची कडी आधीच लावलेली होती. "कार्बन लावतोय साहेब! दार उघडू नका, डोळ्याला त्रास होईल!" पावलं खाली गेली. मी इतका घाबरलेला असूनही हसलो.

शेवटचं एक काम राहिलं होतं. प्रत्येक जोडापाशी आवाजाच्या रेघेवर काळ्या शाईचा एक छोटा त्रिकोण काढायचा, नाहीतर जोड जाताना "ठप्" असा आवाज येतो. चांगल्या ऑपरेटरची ती खूण. नबीभाईने ब्रश बुडवला. मी त्याचा हात धरला.

"नको. शाई लावली तर 'माय'चा 'मा' झाकला जाईल."

"मग ठप् वाजेल."

"वाजू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. आमच्या उस्तादांनी हे पाहिलं असतं तर दोघांनाही केबिनबाहेर काढलं असतं.

रीळ चढलं. दिवे गेले. मी चौकोनी भोकाला डोळा लावला. त्या टॉकीजमध्ये बायकांची जागा वेगळी, डाव्या अंगाला. तिथे दाराशी शालिग्राम भिंतीला टेकून उभा होता, तोच पांढरा शर्ट. त्याच्या पुढ्यात, कडेच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर घेतलेली एक बारीक म्हातारी. ती पडद्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"जोड टिकेल ना?" मी विचारलं.

"अल्ला जाने," नबीभाई म्हणाला, "ओला आहे थोडा."

त्याने मशिनवर हात ठेवला, तुटलं तर लगेच बंद करायला. मी आवाजाच्या बटणापाशी. पडद्यावर सून पाणी भरून गेली. गाय दिसली. मग दार. दारात हिरव्या लुगड्याची आई. मशिनमधून जोड गेला, पडदा एकदा हलला, "ठप्" असा मोठा आवाज झाला.

"माय वं..."

मी आवाज वर केला. जितका जातो तितका वर. उभ्या नोकरीत खराब आवाज मी कधी वर नेला नव्हता. खरखर, जनरेटर, कावळा, सगळं थिएटरभर झालं, आणि त्यातून तो घोगरा आवाज. "...भूक लागनी माले. भाकर वाढ ना."

पुढच्या खुर्च्यांवरून एक शिट्टी वाजली. दुसरी वाजायला लागली. आता जळगावसारखंच होणार, आणि हे सगळं आटापिटा करून शेवटी शिट्ट्यांत बुडणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात डाव्या अंगाने म्हातारी उभी राहिली आणि खड्या आवाजात, स्वयंपाकघरातून ओसरीवर बोलावं तशी बोलली, "वाढस ना भाऊ. हात धुई ये."

शिट्टी अर्ध्यात थांबली. पडद्यावर सुपडू बोलत होता, पुढची वाक्यं, कावळ्यासकट, आणि सबंध थिएटरात कोणी खोकतही नव्हतं. नबीभाई मशिनकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही. शेवटचा जोड गेला, तोही टिकला. पुढच्या सीनमध्ये पुणेरी आवाज सुरू झाला तसा मी बटण पुन्हा जागेवर आणलं. कडेची खुर्ची रिकामी होती.

शो सुटल्यावर मी खाली उतरलो. अक्का बाहेर पोस्टरखालच्या पायरीवर बसली होती, शालिग्राम पाणी घेऊन उभा. पुढचा सिनेमा तिने पाहिलाच नव्हता.

"फुडलं मनं नही," ती मला म्हणाली. "बठ्ठं, सगळंच दुसरानं शे. एवढंज त्यानं शे." मग माझा हात धरला. "भाऊ, तेवढा तुकडा माले दी टाक. देवघरमा ठेवसू."

शालिग्राम म्हणाला, "अक्का, असं मागू नये." पण त्याच्याही तोंडावर तेच होतं.

मी तिला हाताला धरून वर आणलं. पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. नबीभाईने रीळ उलगडून तो भाग दिव्यासमोर धरला. नखाएवढे सुपडू एकाखाली एक, कुणाचं तोंड उघडं, कुणाचं मिटलेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मी कडेची रेघ दाखवली.

"यामा आवाज शे?" तिने विचारलं.

"हो अक्का."

तिने रेघेवर बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं, आणि मग कान जवळ नेला. मी म्हणालो, "मशिनशिवाय तो बोलत नाही, अक्का. घरी नेला तर फक्त दिसेल." कापून द्यायला मी तयार होतो. प्रिंट आली तशी गेली पाहिजे हा नेम त्या दिवशी मी मोडला असता, आणि मोडल्याचं मला वाईटही वाटलं नसतं.

ती मागे सरली. पदराने चष्मा पुसला.

"मंग राहू दे," ती म्हणाली. "घर मुका बसीसन काय करी तो? फिरू दे त्याले गावोगाव. भाकर मांगी त कोनी तरी वाढीच."

कुलथेने तो सीन पुन्हा कापायला सांगितला नाही, आणि पुढच्या शुक्रवारी प्रिंट दोंडाईच्याला गेली. नबीभाईने सगळे जोड पुन्हा तपासले, शाई लावली नाही.